लेकीला घेऊन परतणारी गाडी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की सेलूसारख्या तालुक्याच्या गावात किरायाची जीप मिळणे मुश्कील होते. लग्नाच्या शेवटच्या तिथी उरलेल्या असतात, मृगाआधी कार्ये उरकून घ्यायची घाई असते आणि क्रूझर असो की तूफान, गाडी कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाने आधीच सांगून ठेवलेली असते. नोव्हेंबरात तुळशीचे लग्न लागून गेले की पुन्हा तोच प्रकार. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले, म्हणजे एनडीएतले, दीक्षान्त संचलन वर्षातून दोनदा होते आणि तेही याच सुमारास, मेअखेर आणि नोव्हेंबरअखेर. लेकीच्या परेडसाठी पुण्याला जायचे ठरवणाऱ्या घराला गाडी शोधावी लागणार ती लग्नाच्या वऱ्हाडांशी चढाओढ करूनच. या योगायोगाकडे मी गंमत म्हणून पाहत नाही. परभणी जिल्ह्यात मुलीसाठी सारे गणगोत नवे कपडे घालून गाडीत बसते, आदल्या रात्री शिदोरी बांधली जाते, म्हातारी माणसे पुढच्या सीटवर बसवली जातात, हा थाट आजवर एकाच प्रसंगाचा होता. तोच थाट दुसऱ्या एका प्रसंगासाठी होऊ लागणे ही माझ्या मते आपल्या भागातली गेल्या काही वर्षांतली मोठी सामाजिक घटना आहे. तिची नोंद मात्र सत्काराच्या फोटोपलीकडे फारशी होत नाही.

आधी जिल्ह्याचे चित्र समोर ठेवू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले, हे त्यात मोजले गेले. महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. परभणी जिल्ह्याचे ४८ टक्के होते, राज्यात सर्वांत जास्त, आणि शेजारचा बीड ४४ च्या घरात. शारदा कायदा १९२९ चा, बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, आणि तरीही एका जिल्ह्यातल्या जवळपास निम्म्या पोरी अजाण वयात उजवल्या जातात. याची कारणे कोणाला अपरिचित नाहीत. गावात दहावीपर्यंतच शाळा असते, पुढे रोज एसटीने जा-ये करावी लागते आणि वाटेवरच्या छेडछाडीची भीती असते. वय वाढेल तसा हुंडा वाढतो. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप ऊसतोडीला निघाले की वयात आलेल्या पोरीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणून जोडी लवकर जमवण्यात सगळ्यांचाच मतलब असतो. बापाला कायदा ठाऊक नसतो असे नाही. पण पाहुणे दारात आले, मुलगा बरा आहे, देणेघेणे झेपणारे आहे, अशा वेळी त्यांना नाही म्हणायला त्याच्याजवळ समाजाला पटेल असे कारण नसते. कलमाचा आकडा सांगून सोयरीक परतवता येत नाही.

इथे सैन्यभरतीच्या जाहिरातीतली एक ओळ कामाला येते. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागते, आणि उमेदवार अविवाहित लागतो. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्या मुलीलाही अविवाहित असण्याची अट आहे आणि चार वर्षांच्या सेवाकाळात ती लग्न करू शकत नाही. परभणी जिल्ह्यात ज्या वयात पोरीचे लग्न उरकले जाते, नेमके त्याच वयावर ही अट बोट ठेवते. ‘पोरगी भरतीची तयारी करतेय, आता लग्न केलं तर फॉर्म बाद होईल’ हे वाक्य बापाला चारचौघांत बोलता येते. त्यात पाहुण्यांचा अपमान नाही, पोरीवर संशय नाही, घराण्याला कमीपणा नाही. उलट थोडी शान आहे. पोलीस भरतीला किंवा सीमा सुरक्षा दलाला अशी अट नसली तरी मैदानाची तयारी करणाऱ्या मुलीला हेच वाक्य दोन-तीन वर्षे मिळवून देते, कारण गावाच्या भाषेत मिलिटरी, बीएसएफ, सीआरपीएफ सगळे एकच. भरतीमुळे बालविवाह थांबले, असे मी म्हणत नाही; तसे म्हणायला आधार नाही. घरातल्या घरात जो नकार देणे अशक्य होते, त्याला एक मान्य रूप मिळाले, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि त्या नकाराला पूर्णत्व येते ते परेडच्या प्रवासात. तोवर ‘तयारी करतेय’ ही सबब असू शकते. सगळे घर गाडी करून निघाले की ती सबब राहत नाही.

हा दरवाजा उघडायला किती काळ लागला तेही ध्यानात असावे. एनडीएची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. वैद्यकीय शाखा आणि परिचर्या सोडून लष्कराने मुलींना अधिकारी म्हणून घ्यायचे ठरवले ते १९९२ मध्ये, आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून पहिल्या २५ जणी बाहेर पडल्या त्या मार्च १९९३ मध्ये. पण तिथे पदवीनंतर जायचे असते. बारावीनंतरचा रस्ता, म्हणजे लग्नाच्या बोलण्यांच्या आधीचा रस्ता, बंदच होता. पुण्याजवळ कासार आंबोलीला महाराष्ट्रीय मंडळाने १९९७ मध्ये राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा काढली. देशातली मुलींची पहिली सैनिकी शाळा म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिथून खडकवासला दूर नाही. दोन तपे त्या शाळेच्या मुली कवायत करत होत्या, घोड्यावर बसायला शिकत होत्या, आणि जवळच्या प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेला बसायची त्यांना मुभा नव्हती. ती मिळाली १८ ऑगस्ट २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने. सरकारने पुढच्या वर्षापर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती दिली नाही, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. ३० मे २०२५ रोजी १४८ व्या तुकडीबरोबर १७ मुली खेत्रपाल संचलन मैदानावरून बाहेर पडल्या. महाराष्ट्र शासनाने मुलग्यांसाठी औरंगाबादला १९७७ मध्ये जी सैनिकी सेवापूर्व संस्था काढली होती, तशी मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. मुलग्यांच्या मागे शेहेचाळीस वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचा. तीनशेहून अधिक मुलग्यांच्या मागे सतरा मुली. एवढ्याशा गोष्टीवरून सामाजिक बदल कसला मोजता? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे टोक चुकीच्या बाजूला आहे. २०२१ च्या त्या पहिल्याच परीक्षेला देशभरातून पावणेदोन लाखांवर मुलींनी अर्ज भरले होते, आणि जागा होत्या एकोणीस: लष्कराच्या दहा, हवाई दलाच्या सहा, नौदलाच्या तीन. पुढे उभी असलेली रांग मोठी आहे, फाटक अरुंद आहे. अर्ज भरलेल्या पावणेदोन लाख घरांत कोणीतरी त्या फॉर्मवर सही केली, कोणीतरी पोरीला परीक्षेच्या शहरात घेऊन गेले, कोणीतरी एक-दोन स्थळे लांबणीवर टाकली. बदल तिथे झालेला आहे. सतराचा आकडा सरकारच्या तयारीविषयी सांगतो, समाजाच्या तयारीविषयी नाही. सैन्याच्या दुसऱ्या दारांवर मुलींचा आकडा याहून मोठाही आहे. ओडिशातल्या चिल्का येथे मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात सुमारे पावणेतीनशे मुली होत्या. बेंगळुरूच्या लष्करी पोलीस केंद्रातून ८ मे २०२१ रोजी ८३ मुली जवान म्हणून बाहेर पडल्या. अधिकारी नव्हे, साध्या शिपाई. सेलू, मानवत, जिंतूरच्या मुलींसाठी हा दुसरा रस्ता जास्त ओळखीचा, कारण त्याला इंग्रजीतल्या मुलाखतीची भीती नाही. १६०० मीटर साडेसात मिनिटांत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी, असा तो मैदानात मोजता येतो.

आता त्या रस्त्याकडे वळू, कारण सारे तिथेच दिसते. सेलूहून पाथरीला आले की राष्ट्रीय महामार्ग ६१ लागतो. ढालेगावजवळ गोदावरी ओलांडायची, मग माजलगाव, गेवराई तालुका, पाथर्डी, करंजी घाट, अहिल्यानगर, शिरूर, आणि पुणे पार करून खडकवासला. सगळे मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या वर. मराठवाड्याला हा रस्ता चांगला पाठ आहे, पण वेगळ्या कामासाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्याने ऊसतोड कामगारांचे ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिमेला जातात: वर बाचकी, भांडी, कोंबड्या, शेळ्या, मध्ये गोधडीत गुंडाळलेली लेकरे, आणि त्यांच्यात गेल्याच उन्हाळ्यात हळद लागलेली एखादी कोवळी पोर, जी आता अर्धा कोयता झालेली आहे. नोव्हेंबरअखेरची परेड गाठायला निघालेल्या जीपला वाटेत या गाड्या लागणारच. अहिल्यानगरला लष्कराची मोठी ठाणी आहेत, यांत्रिकी पायदळाचे केंद्र, रणगाडा दलाचे केंद्र. मुलग्यांच्या कसम परेडसाठी इथवर येणे घरांना ठाऊक आहे. मुलीसाठी त्याच्याही पुढे जायचे असते. चेन्नईला जायचे तर जीपचा उपयोग नाही. निजामी अमदानीत टाकलेल्या मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची गाडी सेलूच्या स्टेशनातच मिळते आणि बहुतेकदा सिकंदराबादला ती बदलावी लागते. बांधून घ्यायचे मात्र दोन्हीकडे सारखेच. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस टिकते ते.

या प्रवासाची किंमत पैशात मोजून भागत नाही. नोव्हेंबर म्हणजे कापसाच्या वेचणीचा महिना. सेलूची बाजारपेठ कापसावर उभी आहे, आणि वेचणीला माणूस मिळत नाही ही या भागातली दरवर्षीची रड. घरची बाई तीन दिवस शेतातून हलली तर बोंडातून लोंबणारा कापूस गळतो, पावसाची सर आली तर काळा पडतो. मेअखेरीस शेणखत, पाळी, बियाण्याची उसनवार. कोरडवाहू घराला सवड अशी नसतेच. लग्नासाठी ती काढली जाते, कारण लग्न टाळता येत नाही. मुलीच्या परेडसाठीही ती काढली जाते तेव्हा त्या घराने परेडला लग्नाच्या पंक्तीत बसवलेले असते. एवढा निवाडा कोणी शब्दांत करत नाही. गाडी सांगून केला जातो.

परेडमध्ये आई-बापांना काय काम असते? पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणे, असा समज आहे. सैन्याची रीत तशी नाही. चेन्नईला संचलन संपल्यावर खांद्यावर तारे चढवण्याचा विधी होतो. नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरची पदचिन्हे कापडी पट्टीने झाकलेली असतात, आणि ती उघडायला पुढे येतात आई आणि वडील. एकीकडे आई, एकीकडे बाप. लेक समोर ताठ उभी, नजर सरळ, आणि कापूस वेचून बोटांची टोके चिरलेली असतील तर त्याच बोटांनी ती पट्टी सोडवायची. जवानांच्या कसम परेडमध्ये अलीकडच्या वर्षांत अनेक केंद्रांवर पालकांना गौरव पदक दिले जाते. आईच्या पदरावर, बापाच्या सदऱ्यावर ते लावले जाते. जून २०२० मध्ये कोविडमुळे डेहराडूनच्या अकादमीत पालकांना येता आले नाही, तेव्हा तारे लावण्याचे काम तिथल्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पत्नींनी केले. जागा रिकामी सोडून चालणार नव्हते म्हणून कोणी तरी आई-बाप होऊन उभे राहिले. म्हणजे या विधीत कुटुंबाचे स्थान आतले आहे. आता याच्या शेजारी आपल्या मांडवातला वधूपिता आठवावा. मुंडासे सावरत, हात जोडत, व्याह्यांच्या पंगतीमागून फिरणारा, काही उणे राहिले असेल तर पदरात घ्या म्हणणारा. मुलीचे आई-बाप म्हणून माणसाने वाकायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, ते हवेतच असते. मुलीचेच आई-बाप म्हणून ताठ उभे राहायचे आणि समोरच्याने वाकून छातीवर पदक लावायचे, हा अनुभव आपल्या चालीरीतींनी या माणसांना कधी दिला नव्हता. परेडच्या प्रवासाला मी मोठी घटना म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

खेड्यातली माणसे हे स्वीकारणार नाहीत, असे सरकारनेच एकदा न्यायालयात म्हटले होते. स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे होता तेव्हा मांडलेल्या बाजूचा आशय असा होता: जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तिथले सामाजिक संस्कार पाहता स्त्रीच्या हुकमतीखाली काम करायला त्यांची मनाची तयारी झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कायद्याच्या अंगाने प्रश्न तिथे मिटला. समाजाच्या अंगाने तो अजून विचारण्यासारखा आहे. मुलीला परेडला नेणारे घर म्हणजे सगळे खेडे नव्हे, हे मान्य. चावडीवर बसून ‘पोरीला बंदूक कशाला’ म्हणणारेही आहेत. पण जवान होणारा तो ग्रामीण मुलगा येतो कुठून? याच घरांतून. तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला धावणारी बहीण आणि धावणारा भाऊ एकाच घरचे असतात, एकाच घड्याळावर वेळ मोजतात, आणि बहिणीच्या परेडच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर तोच भाऊ बसलेला असतो. उद्या त्याला हुकूम देणारी कोणाची तरी बहीण असेल, हे त्याला समजावून सांगायला वेगळे शिबिर लागणार नाही. खेड्याच्या मागासपणाची सबब सांगणाऱ्यांनी खेड्याला विचारलेले नव्हते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ही देशसेवेची ओढ नसून नोकऱ्यांचा दुष्काळ आहे, आणि गरीब घरच्या मुलींना सैन्यात ढकलणे म्हणजे मुक्ती नव्हे, असे काही जाणती माणसे म्हणतात. नोकरीच्या भागाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. मराठवाड्याला सातारा-कोल्हापूरसारखी फौजी परंपरा नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण दगडावर कोरून ठेवते आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावते. आमच्याकडे हिंगोली, जालना, मोमिनाबाद इथे निजामाच्या पैशाने पोसलेल्या कंटिन्जंटच्या छावण्या होत्या, पण घराघरात शिरलेला फौजी पेशा नव्हता. सेलू १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या बदनापूर तालुक्यातल्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बाईला शौर्याचे नाव मिळाले, वर्दी मिळाली नाही. तेव्हा इथली मुलगी भरतीच्या मैदानावर येते ती पगारासाठी, हे खरे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सातारचा पोरगाही पगारासाठीच जात आला. जोखीम या घरांना कळत नाही, हा समज मात्र खोटा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. या पेशाची किंमत त्यांच्याहून जास्त कोणी मोजली असेल? राहिला मुक्तीचा प्रश्न. बंदुकीने मुक्ती येते असे मला वाटत नाही, आणि युद्धाचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. शिक्षिका, नर्स, कृषी अधिकारी होणाऱ्या मुलीच्या पदवीदानालाही सगळे घर असेच गाडी करून गेले असते तर माझा मुद्दा तिथेही मांडता आला असता. पण घर तिथे जात नाही. पदवीचा कागद पोस्टाने येतो किंवा महाविद्यालयाच्या खिडकीतून मिळतो. कुटुंबाला बोलावून घेऊन त्याच्या हाती काम देणारा समारंभ सैन्याने जपला, शिक्षणसंस्थांनी जपला नाही, हा त्या संस्थांचा दोष आहे.

माझ्या मांडणीची खरी दुखरी जागा वेगळीच आहे, आणि ती टाळता येणार नाही. ज्या अविवाहितपणाच्या अटीला मी बापाच्या हातातले कारण म्हटले, तीच अट बाईच्या गळ्यातले जोखडही होऊ शकते. सैन्याच्या परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केले म्हणून सेवेतून काढले गेले. हा नियम फक्त स्त्रियांना होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी ती कारवाई बेकायदा ठरवली आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मध्ये छत्तीस वर्षे गेली. तेव्हा लग्न नको ही अट आणि लग्न केलेस तर चालती हो ही अट यांच्यातली रेघ पुसट आहे, हे कबूल करतो. फरक काळाचा आणि बरोबरीचा आहे. प्रशिक्षणाच्या मुदतीपुरती आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखी असलेली अट मला मान्य आहे. बाईच्या आयुष्यभराच्या निवडीवर बसलेली अट नाही. अग्निवीर मुलीचे दुखणे आणखी निराळे. चार वर्षे संपली की चारांतली एकच पुढे ठेवली जाते. उरलेल्या तिघी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी थोडी रक्कम आणि एक प्रमाणपत्र घेऊन घरी येतील, आणि पाहुणे पुन्हा दारात येतील. पण अठराच्या आत बोहल्यावर चढणे आणि स्वतःच्या बँक खात्यात पैसे असताना तेविसाव्या वर्षी होकार किंवा नकार देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढच्या नोकरीची तजवीज सरकारने करायला हवी, ही मागणी त्यामुळे कमी होत नाही.

मागण्या आणखीही आहेत, आणि त्या भावनेच्या नाहीत. पहिली पोटाची. लष्करी पोलिसातल्या अग्निवीर मुलीला उंची १६२ सेंटीमीटर लागते. त्याच आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. भावाच्या ताटात दूध आणि बहिणीच्या ताटात उरलेले कालवण असेल तर उंची आणि दम दोन्ही मैदानावर येण्याआधीच ठरून गेलेले असतात. सोळाव्या वर्षी लावलेला क्लास ते भरून काढू शकत नाही. दुसरी मागणी त्या प्रवासाचीच. राज्याने एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट केले आहे, आणि ७५ वर्षांवरच्या माणसांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. म्हणजे आईचे अर्धे आणि आजीचे काहीच नाही. पण संचलन सकाळी लवकर सुरू होते, त्यासाठी आदल्या दिवशी पोचून मुक्काम करावा लागतो, आणि प्रबोधिनीच्या दारापर्यंत लाल गाडी जात नाही. म्हणून जीप, आणि जीप म्हणजे हातउसने. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे, परभणीतही आहे. माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी ते काम करते. नव्याने वर्दी चढवणाऱ्या मुलीच्या घरच्यांची परेडच्या गावी राहण्याची सोय आणि येण्याजाण्याचा खर्च एवढे काम त्याला जोडून दिले तर राज्याच्या तिजोरीला ते जाणवणारही नाही. बॅनरवर मुलीच्या फोटोहून मोठे फोटो छापणारी मंडळी निदान एका गाडीचे डिझेल भरू शकतात.

प्रवेशपत्रे मोजकी असतात, म्हणून आत कोण जाणार यावर जीपमध्ये बोलणे होणारच. आई आणि बाप तर हवेतच. मग मामा की काका? लग्नात हा मान ठरलेला आहे, मामाने भाचीला बोहल्यापर्यंत न्यायचे. परेडचा मान अजून ठरलेला नाही. आजीला आत नेले पाहिजे असे मला वाटते, कारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सासरी आलेल्या पिढीची ती आहे, आणि आपण पाहतो आहोत ते काय आहे हे त्या मैदानावर तिच्याइतके कोणाला कळणार नाही.

परतीचा प्रवास लग्नाच्या अगदी उलटा असतो. वऱ्हाड नवरीला घेऊन जाते आणि मुलीकडची गाडी एक माणूस कमी होऊन, गप्प बसून गावाकडे येते. परेडनंतर नव्या अधिकाऱ्याला किंवा जवानाला थोड्या दिवसांची सुट्टी मिळते, त्यामुळे ही गाडी लेकीला घेऊनच करंजी घाट उतरते. गोदावरीच्या पुलावर गाडी हळू करून नाणे टाकले जाते, ते जातानाही टाकलेले असते. टपावर, दोरीने आवळलेली, काळी लोखंडी ट्रंक असते. सैन्यात गेलेल्या प्रत्येकाकडे ती असते. वर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव घातलेले. काही घरांत लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितात, आडनावाबरोबर पहिले नावही बदलून टाकतात. ट्रंकेवरचे नाव शाळेच्या दाखल्यावरचेच असते, आणि त्यापुढे बापाचे आडनाव. सुट्टी संपेल तेव्हा ही ट्रंक सेलूच्या फलाटावर ठेवली जाईल, गाडीला अवकाश असेल, आणि बाकड्यावर बसलेली माणसे ते नाव वाचून काढतील.